दूरच्या दोन शहरांतील आकाशमार्गाचे अंतर व प्रवासाचा काळ
(इयत्ता सहावी व सातवी : भूगोल व गणित यांचा संयुक्त पाठ)

पाठाचा हेतू

अंतर, वेग व काळ यांवरील उदाहरणे आपल्या शाळांतून पुष्कळ करून घेतली जातात. दोन संख्या दिल्या असता तिसरी काढणे मुलांना बहुधा साधते. तथापि हीच गोष्ट प्रत्यक्ष व्यवहारात आली की, गणितात पैकीच्या पैकी गुण मिळविणारा विद्यार्थीही गोंधळतो. मुंबईहून मध्यरात्रीनंतर एक वाजता निघालेले विमान त्याच दिवशी सकाळी साडेसहाला न्यूयॉर्कला उतरले, असे सांगून प्रवासास किती तास लागले हे विचारावे. निम्म्याहून अधिक वर्ग ‘साडेपाच तास’ असे उत्तर देईल. वजाबाकी बिनचूक असूनही उत्तर मात्र चुकीचे असेल. असे का व्हावे, हे मुलांना कळावे व आपले उत्तर आपणच पारखून घेण्याची सवय त्यांना लागावी, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यातील शाळांस हा पाठ विशेष जवळचा वाटेल. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर येथील शेतशिवारात कारखाने उभे राहिले. भोसरी आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे; तिच्या उत्तरेस चाकणच्या बाजूस जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. या सर्व शाळांतील मुलांच्या घरी कोणाचा काका, कोणाची आत्या, कोणाचा थोरला भाऊ नोकरीनिमित्त परदेशी गेलेला असतो. त्यांच्याशी दूरध्वनीवर बोलताना “येथे तर रात्र आहे” हे उद्गार मुलांनी ऐकलेले असतात. लोहगावच्या विमानतळावर उतरणारी व तेथून उडणारी विमाने तर आपल्या डोक्यावरूनच जातात. म्हणजे पाठाचे अर्धे साहित्य मुलांपाशी आधीच आहे. शिक्षकांनी ते नीट मांडून द्यावयाचे आहे.

आवश्यक साहित्य

शाळेतील पृथ्वीगोल, न ताणणारा जाड दोरा, मोजपट्टी, भिंतीवरील जगाचा नकाशा, महाराष्ट्राचा नकाशा, एक सरळ काठी व खडू. यापैकी विकत आणावे असे बहुधा काहीही नाही. हा पाठ चार तासिकांत पुरा होतो. घाई करून तो दोन तासिकांत आटोपू नये.

१. सडक, लोहमार्ग व आकाशमार्ग

आरंभ घरापासून करावा. भोसरीपासून लोहगावचा विमानतळ नकाशावर सरळ रेषेने मोजला तर आठ ते दहा किलोमीटरच भरतो. सडकेने जावे तर वळणे घेत त्याहून बरेच अधिक चालावे लागते. पक्ष्याचा मार्ग व बैलगाडीचा मार्ग एक नसतो, हे सांगण्यास एवढे उदाहरण पुरे आहे.

त्यानंतर पुणे व मुंबई ही शहरे घ्यावी. पुण्याहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा लोहमार्ग १९२ किलोमीटर लांबीचा आहे. याच दोन स्थानकांमधील सरळ अंतर केवळ ११९ किलोमीटरच्या आसपास आहे. मधले ७३ किलोमीटर कोठे गेले, असा प्रश्न वर्गास विचारावा. महाराष्ट्राचा नकाशा पुढे असल्यास मुले स्वतःच उत्तर शोधतील. लोहमार्ग पुण्याहून वायव्येस लोणावळ्याकडे चढतो, बोरघाटात वळणे घेत उतरतो, कर्जतहून उत्तरेस कल्याणला जातो व तेथून पुन्हा नैर्ऋत्येस वळून मुंबईस पोहोचतो. डोंगर व खाडी यांनी मार्गाला आपल्या इच्छेप्रमाणे वळविले आहे. आकाशात डोंगर आडवा येत नाही. म्हणून दोन शहरांतील आकाशमार्गाचे अंतर हे भूमार्गापेक्षा जवळजवळ नेहमीच कमी असते.

येथे एक व्याख्या फळ्यावर लिहून द्यावी : *पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर म्हणजे त्यांचे आकाशमार्गाचे अंतर होय.* ‘पृथ्वीच्या पृष्ठभागावरून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुणे-मुंबईच्या अंतरात त्यांचे महत्त्व जाणवत नाही. पुढील तासिकेत ते जाणवेल.

२. गोल आणि दोरा

आता मुंबई व न्यूयॉर्क ही दोन दूरची शहरे घ्यावी. एका विद्यार्थ्यास भिंतीवरील नकाशापाशी बोलवावे व मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत मोजपट्टीने सरळ रेषा दाखविण्यास सांगावे. नकाशा मर्केटर पद्धतीचा असल्यास ही रेषा अरबस्तान, मिसर देश, सहाराचे वाळवंट व मोरोक्को यांवरून जाऊन पुढे अटलांटिक महासागर ओलांडील. बाकीच्या मुलांनी या प्रदेशांची नावे वहीत लिहावी.

नंतर पृथ्वीगोल घ्यावा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर घट्ट धरावे व दुसरे न्यूयॉर्कवर आणून दोरा ताणावा. दोरा ताणताच तो वर उत्तरेकडे सरकू लागेल. तो सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान व कझाकस्तान यांवरून रशियात शिरेल, मॉस्कोच्या जवळून जाईल, नॉर्वे ओलांडील, आइसलंडच्या जवळ येईल, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी पोहोचेल आणि तेथून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याने न्यूयॉर्कला उतरेल. अफ्रिका तर त्याच्या वाटेत येतच नाही. मुलांस आश्चर्य वाटेल. ते वाटू द्यावे व लगेच स्पष्टीकरण देऊ नये. दोन-तीन मुलांनी स्वतः दोरा ताणून पाहावा.

मग मापन करावे. प्रथम विषुववृत्तावरून दोऱ्याचा एक पुरा वेढा घालून त्याची लांबी मोजावी. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर ती ९४ सेंटिमीटरच्या थोडी वर भरते. पृथ्वीचा विषुववृत्तीय परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणून अशा गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ४२५ किलोमीटर. मुंबई-न्यूयॉर्क दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. गुणाकार करता अंतर १२,५०० किलोमीटरच्या आसपास येईल. गणिताने काढलेले अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. एका दोऱ्याने इतके जवळचे उत्तर येते, हे पाहून मुलांचा आत्मविश्वास वाढतो.

याच रीतीने मुंबई व लंडन यांमधील दोरा सतरा सेंटिमीटर भरेल व अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर येईल. गोलाचा आकार लहानमोठा असला तरी रीत बदलत नाही. पुऱ्या वेढ्याची लांबी व दोन शहरांमधील दोऱ्याची लांबी यांचे गुणोत्तर काढावे व त्यास ४०,००० ने गुणावे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

ज्यांना अधिक जिज्ञासा असेल त्यांना पुढील गोष्ट सांगावी. वर्तुळाचे ३६० अंश असतात. म्हणून पृथ्वीवरील मोठ्या वर्तुळाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. अंशाचे साठ भाग केले की एक कला मिळते. एका कलेचे अंतर हाच सागरी मैल होय, तो १.८५२ किलोमीटरचा असतो. जहाजाचे खलाशी व विमानाचे वैमानिक आजही याच मैलाने अंतर मोजतात, कारण तो पृथ्वीच्या आकारातूनच जन्मला आहे.

३. नकाशातील सरळ रेषा वाकडी का?

नारिंगाची साल सोलून ती पाटावर सपाट करण्याचा प्रयत्न करावा. साल फाटते किंवा ताणली जाते. गोल पृथ्वीचा सपाट नकाशा करतानाही असेच काहीतरी करावे लागते. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ध्रुवांकडील प्रदेश फार ताणलेले असतात. म्हणूनच ग्रीनलंड प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. तेथील अंतरे कागदावर मोठी दिसतात, पण गोलावर ती लहान असतात. उत्तरेकडून जाणारा मार्ग नकाशावर लांब व वक्र भासतो, तो या कारणाने. वस्तुतः तोच जवळचा असतो. ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो त्यास बृहद्वृत्त म्हणतात. आपला ताणलेला दोरा अशाच वर्तुळाचा भाग असतो.

नकाशावरील सरळ रेषेने मुंबईहून न्यूयॉर्कला गेल्यास सुमारे १४,२०० किलोमीटर जावे लागेल. दोऱ्याच्या मार्गाने १२,५३०. फरक सुमारे १,६७० किलोमीटरचा, म्हणजे आजच्या विमानाच्या जवळजवळ दोन तासांच्या उड्डाणाचा. दोन तासांचे इंधन, दोन तासांचा खर्च व दोन तासांचा थकवा एका दोऱ्याने वाचतो, असे मुलांस सांगावे.

प्रत्यक्षात मात्र विमान नेमके दोऱ्यावरून जातेच असे नाही. वादळे टाळावी लागतात, ठरवून दिलेले मार्ग पाळावे लागतात, व ज्या देशावरून जावयाचे त्याची अनुमती लागते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले, तेव्हा उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांस दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला व प्रवासाचा काळ वाढला. तेव्हा आकाशात डोंगर आडवा येत नसला तरी सीमा आडवी येऊ शकते.

४. घड्याळांचा फरक

तिसऱ्या तासिकेस वर्ग पटांगणात न्यावा. जमिनीत सरळ काठी रोवावी. दुपारी बाराच्या सुमारास दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकावर खडूने खूण करावी. सूर्याकडे प्रत्यक्ष पाहू नये, अशी ताकीद आधीच द्यावी. सावली सर्वांत आखूड केव्हा होते, हे घड्याळात पाहावे. भोसरीत ती बारा वाजता सर्वांत आखूड होणार नाही. वर्षाची सरासरी घेता ती बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास तशी होईल. नोव्हेंबरच्या आरंभी ही वेळ बारा-अठरापर्यंत अलीकडे येते, तर फेब्रुवारीच्या मध्यास बारा-एकोणपन्नासपर्यंत पुढे जाते.

मग आपली घड्याळे चुकतात काय? तसे नाही. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास चार मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावरून धरलेली आहे. भोसरी ७३ अंश ५१ कला रेखांशावर, म्हणजे त्याच्या सुमारे साडेआठ अंशांहून थोडी अधिक पश्चिमेस आहे. ८.६५ ला ४ ने गुणले की ३४.६ मिनिटे येतात. काठीची सावली व फळ्यावरील गुणाकार यांचे उत्तर एकच येते, हे मुलांनी स्वतः पाहिले म्हणजे रेखांश ही केवळ पाठ करण्याची गोष्ट राहत नाही.

प्रत्येक गावाने आपल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावले तर आगगाड्यांचे वेळापत्रक करणे अशक्य होईल. म्हणून १ जानेवारी १९०६ पासून भारतात ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास अशी प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईने मात्र आपली निराळी ‘मुंबईची वेळ’ पुष्कळ काळ सोडली नाही. ती ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती, व १९५५ पर्यंत मुंबईत तिचा वापर चालू होता. आजीआजोबांनी ही दोन घड्याळांची गोष्ट ऐकलेली असल्यास मुलांनी घरी विचारून यावे.

आता दूरच्या शहरांकडे वळावे. लंडनची हिवाळ्यातील वेळ आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते व न्यूयॉर्कची साडेदहा तास मागे. उन्हाळ्यात दिवसाच्या उजेडाचा अधिक उपयोग व्हावा म्हणून ते देश आपली घड्याळे एक तास पुढे करतात. त्या काळात हा फरक अनुक्रमे साडेचार व साडेनऊ तास राहतो. आपण मात्र वर्षभर एकच वेळ पाळतो.

५. निघण्याची व पोहोचण्याची वेळ

येथे आरंभीचा प्रश्न पुन्हा घ्यावा. विमान डिसेंबरमध्ये मुंबईहून रात्री एक वाजता निघाले व न्यूयॉर्कला सकाळी साडेसहाला उतरले. तिकिटावरील पहिली वेळ मुंबईच्या घड्याळाची आहे व दुसरी न्यूयॉर्कच्या. दोन निरनिराळ्या घड्याळांची वजाबाकी करणे म्हणजे शेरातून हात वजा करण्यासारखे आहे. म्हणून नियम असा :

*प्रथम दोन्ही वेळा एकाच गावाच्या घड्याळात आणाव्या. मगच वजाबाकी करावी.*

न्यूयॉर्कची सकाळची साडेसहाची वेळ अधिक साडेदहा तास, म्हणजे मुंबईचे संध्याकाळचे पाच. रात्री एकपासून संध्याकाळी पाचपर्यंत सोळा तास. हाच प्रवासाचा खरा काळ.

उत्तराची पारख लगेच करून दाखवावी. १२,५३० ला १६ ने भागले तर ताशी सुमारे ७८३ किलोमीटर वेग येतो. आजची जेट विमाने उंचावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात; चढणे, उतरणे व समोरचा वारा धरता सरासरी ७८३ येणे योग्य दिसते. उलट साडेपाच तासांनी भागल्यास वेग जवळजवळ २,२८० येतो. तो ध्वनीच्या वेगाच्या सुमारे दुप्पट आहे. असा वेग गाठणारे कॉन्कॉर्ड हे प्रवासी विमान २००३ सालीच सेवेतून गेले. म्हणजे उत्तर चुकले आहे, हे वेगच आपणांस सांगतो. ‘हे उत्तर संभवनीय आहे काय?’ हा प्रश्न प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी विचारण्याची सवय लावणे, हे या पाठाचे खरे फळ होय.

परतीचा प्रवासही करून घ्यावा. न्यूयॉर्कहून सोमवारी सकाळी अकराला निघालेले विमान मुंबईस मंगळवारी सकाळी साडेअकराला उतरले. घड्याळे सांगतात साडेचोवीस तास; त्यांतून साडेदहा वजा करता चौदा तास उरतात. पश्चिमेस जाताना दिवस लांबतो, पूर्वेस येताना तो आखूड होतो. घड्याळातून ‘हरवलेले’ तास कोठे जात नाहीत. ते केवळ आपल्या मोजणीतील फरक असतात.

व्यवहारातील एक उदाहरण

भोसरीतील एका घरी रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या गोरज मुहूर्तावर मुलीचे लग्न आहे, असे समजा. महिना डिसेंबरचा. तिचा भाऊ न्यूयॉर्कहून शनिवारी रात्री नऊ वाजता निघणार आहे. विमानास साडेचौदा तास लागतात. मुंबईच्या विमानतळावर तपासणीस दीड तास व भोसरीपर्यंत सडकेने चार तास धरावे. भाऊ लग्नास पोहोचेल काय?

घाईने बेरीज करणारा म्हणेल : शनिवारी रात्री नऊ, अधिक साडेचौदा तास, म्हणजे रविवारी सकाळी साडेअकरा, त्यात साडेपाच तास मिळविता संध्याकाळचे पाच. अक्षतांस वेळेवर हजर! खरे गणित निराळे आहे. न्यूयॉर्कला शनिवारी रात्री नऊ वाजतात तेव्हा भोसरीत रविवारचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्यात साडेचौदा तास मिळविता रविवारचे रात्रीचे दहा व पुढील साडेपाच तास धरता सोमवारची पहाटेचे साडेतीन. तोपर्यंत मांडवही सोडलेला असेल.

मग भावाने केव्हा निघावयास हवे होते? उलट मोजावे. रविवारी साडेसहाला घरी, म्हणजे दुपारी एकला मुंबईत. साडेचौदा तास मागे गेल्यास शनिवारचे रात्रीचे साडेदहा. हे आपले घड्याळ. न्यूयॉर्कच्या घड्याळात शनिवारचे दुपारचे बारा. तेव्हा शनिवारी दुपारी बारापर्यंत सुटणारे विमान त्याने धरले पाहिजे.

शिक्षकांनी ध्यानात घ्यावे की, हे गणित मंगलप्रसंगीच लागते असे नाही. घरातील वडीलधारे माणूस निवर्तते व परदेशातील मुलासाठी थांबावे की न थांबावे, हे घरच्यांस काही मिनिटांत ठरवावे लागते. अशा वेळी दहा तासांची चूक जन्मभर सलते. वर्गात हे उदाहरण घेऊ नये. परंतु आपण शिकवितो त्या वजाबाकीवर केव्हातरी एखाद्या घराचा असा निर्णय अवलंबून असेल, याची जाणीव आपणांस असावी.

६. वाऱ्याचा परिणाम

जाण्यास सोळा तास व येण्यास चौदा, हा फरक का, असे एखादा विद्यार्थी विचारील. न विचारल्यास शिक्षकांनी विचारावे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे फार वेगवान वारे असतात. त्यांस जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोरदार असतात. पूर्वेस जाणाऱ्या विमानास ते पाठीवर घेतात व पश्चिमेस जाणाऱ्यास अडवितात. पावसाळ्यात पुराबरोबर व पुराविरुद्ध नाव हाकण्याची कल्पना मुलांस सहज येते.

आता पुढील उदाहरण घालावे. मुंबई-लंडन अंतर ७,२०० किलोमीटर. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० किलोमीटर. वारा पश्चिमेकडून ताशी १०० किलोमीटर. जाताना वेग ८००, म्हणून काळ ९ तास. येताना वेग १,०००, म्हणून ७ तास १२ मिनिटे. एकूण १६ तास १२ मिनिटे. वारा मुळीच नसता तर जाण्यास ८ व येण्यास ८ असे १६ तास लागले असते. पुष्कळांस वाटते की, जाताना झालेली हानी येताना भरून निघते. तशी ती निघत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमानास अधिक वेळ राहावे लागते व अनुकूल वाऱ्यात कमी. सरासरी वेग काढताना दोन वेगांची बेरीज करून निम्मे करण्याची चूक मुले नेहमी करतात. ती या उदाहरणाने कायमची सुटावी.

७. वेळापत्रकातील काळ

पुणे व दिल्ली या दोन विमानतळांमधील आकाशमार्गाचे अंतर सुमारे १,१५५ किलोमीटर आहे. ताशी ९०० च्या वेगाने ते एक तास सतरा मिनिटांत संपावे. वेळापत्रकात मात्र सुमारे दोन तास किंवा थोडा अधिक काळ दिलेला असतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सर्व काळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंत हळू जावे लागते, चढताना व उतरताना वेग कमी असतो, उतरण्यापूर्वी पाळी येईपर्यंत कधी घिरट्या घालाव्या लागतात. प्रवास लहान असला की या गोष्टींचा वाटा मोठा दिसतो. लांबच्या प्रवासात तो कमी होतो.

८. पूर्वीचा प्रवास

शेवटी थोडा इतिहास सांगावा. त्यामुळे संख्यांना अर्थ येतो. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्या एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या व जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. सुमारे दोन महिने गेले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी लहानशा विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले. टाटांच्या नियमित हवाई टपालसेवेचा तो आरंभ होय. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा येथे थांबत लंडनला गेले व १० जून रोजी तेथे उतरले. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली व त्याच वर्षी आपले विमान न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागले. १ ऑगस्ट २००७ रोजी मुंबईहून न्यूयॉर्कला कोठेही न थांबता जाणारी सेवा सुरू झाली.

पृथ्वीवरील अंतर या सर्व काळात एका किलोमीटरनेही बदलले नाही. आनंदीबाईंचे दोन महिने व आजचे सोळा तास यांची तुलना मुलांनी स्वतः करावी. दोन महिने म्हणजे साठ दिवस धरले तर १,४४० तास होतात. सोळाने भागता नव्वद येतात. मात्र एवढे सांगून थांबू नये. त्या अठरा वर्षांच्या मुलीने घरच्यांस एक पत्र पोहोचण्यासही आठवडेच्या आठवडे लागतील हे जाणून पाऊल टाकले, हेही मुलांस कळू द्यावे.

सरावासाठी उदाहरणे

१. एका पृथ्वीगोलाच्या विषुववृत्तावर दोऱ्याचा पुरा वेढा ८० सेंटिमीटर भरतो. दोन शहरांमधील ताणलेला दोरा १८ सेंटिमीटर आहे. अंतर काढा. (उत्तर : ९,००० किलोमीटर)

२. जानेवारीत मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान लंडनला तेथील घड्याळाप्रमाणे संध्याकाळी साडेसहाला उतरले. प्रवासाचा काळ किती? (उत्तर : १० तास)

३. जुलैमध्ये दुपारी २ वाजता निघालेले विमान लंडनला संध्याकाळी ७ वाजता उतरले. प्रवासाचा काळ किती? (उत्तर : ९ तास ३० मिनिटे)

४. अंतर ६,३०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८००, वारा ताशी १००. जाताना वारा समोरून व येताना मागून आहे. जाण्यायेण्यास किती काळ लागेल? वारा नसता तर किती लागला असता? (उत्तर : १६ तास, १५ तास ४५ मिनिटे)

५. नागपूर सुमारे ७९ अंश ५ कला पूर्व रेखांशावर आहे. नागपूर व भोसरी यांपैकी कोठे सूर्य आधी डोक्यावर येतो व किती मिनिटे आधी? (उत्तर : नागपूरला, सुमारे २१ मिनिटे)

६. ज्यांचे आप्त परगावी किंवा परदेशी आहेत, त्यांनी त्या गावाची वेळ व आपली वेळ यांतील फरक लिहून आणावा, व तेथील मंडळींशी बोलण्यास कोणती वेळ दोन्हीकडे सोयीची पडेल ते ठरवावे.

शिक्षकांस सूचना

सहाव्या उदाहरणात ज्या मुलांचे नातलग परदेशी नाहीत, त्यांस कमीपणा वाटू नये याची काळजी घ्यावी. या पट्ट्यातील कित्येक मुलांचे आईवडील मराठवाडा, विदर्भ किंवा उत्तर भारतातून कामासाठी आलेले असतात. त्या मुलांनी आपल्या मूळ गावापर्यंतचे आकाशमार्गाचे अंतर नकाशाच्या प्रमाणावरून काढावे, ते आगगाडीच्या किंवा एस. टी.च्या अंतराशी ताडून पाहावे व तेथील मध्यान्ह भोसरीच्या किती मिनिटे आधी होतो ते सांगावे. गणित तेच व त्याची योग्यताही तीच.

मापन मुलांकडूनच करवून घ्यावे. दोरा शिक्षकांनी ताणला व मुलांनी पाहिला, तर पाठ आठवडाभर स्मरणात राहील. मुलांनी स्वतः ताणला तर तो पुष्कळ वर्षे टिकेल. प्रत्येक गटाचे उत्तर थोडे निराळे येईल. त्याबद्दल रागावू नये. सर्व उत्तरे फळ्यावर मांडून त्यांची सरासरी काढावी, म्हणजे मापनात थोडी तफावत राहणारच व ती कमी कशी करावी, हेही त्याच ओघात शिकविता येईल.